वस्तुचित्राचा तास: फळा पुसा, गडवा खाली ठेवा

जुलै-ऑगस्टात नागपुरातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत चित्रकलेच्या तासाला मागच्या दाराने डोकावून बघा. सरांच्या टेबलावर पितळी गडवा, त्याला टेकून दोन लिंबं. फळ्यावर सरांनी खडूने तोच गडवा सुबक काढून ठेवलेला. वर्गात ६० मुलं आणि साठही जणांचे डोळे फळ्यावर. विचारलं तर म्हणतात, "सर, गडवा काढून राहिलो ना." काढताहेत खरं, पण गडव्याकडे बघायची गरजच कुणाला पडलेली नाही. तास संपला की ६० वह्यांत एकच गडवा निघतो. खिडकीजवळच्या मुलाचा तोच, दाराजवळच्या मुलीचाही तोच.

ही मुलं पुढे कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसतात. केंद्रावर फळा कोरा असतो. समोर वस्तू असते आणि ती कशी बघायची हे कुणी शिकवलेलं नसतं. मग पाठ केलेला गडवा कागदावर उतरतो, समोर किटली असली तरी.

मीही सुरुवातीची काही वर्षं असाच शिकवत होतो. एटीडीला (कलाशिक्षक पदविकेला) आम्ही स्वतः वस्तूसमोर तासन् तास बसलो, पण ६० मुलांना वस्तूसमोर कसं बसवायचं हा भाग सगळा नोकरीत चुकत चुकत शिकावा लागला. खाली तोच क्रम देतो आहे. क्रम बदलू नका. वस्तुचित्र बहुतेक वेळा पेन्सिल कागदाला लागण्याआधीच बिघडलेलं असतं, म्हणून लेखाचा अर्धा भाग पूर्वतयारीवर आहे.

## १. आधी तास मोजा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. परीक्षा सगळ्या राज्यात एकदम, बहुतेक वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा आपल्या मुलांच्या हाती एक-दोन आठवडे कमीच. आठवड्याला दोन तास धरले तर जुलै ते सप्टेंबर २६ तास होतात. त्यातून १५ ऑगस्टची तालीम, घटक चाचणी, पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या वजा करा. "सर, आज तुमचा तास गणिताला देता का" हेही वजा करा. १८ तास उरले तर नशीब. त्यात स्मरणचित्र, संकल्पचित्र (नक्षीची रचना), भूमिती आणि अक्षरलेखन सगळं बसवायचं आहे. वस्तुचित्राला सात-आठ तास मिळतील एवढंच गृहीत धरा.

म्हणून शाळा उघडल्याच्या पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांकडे जा आणि दोन सुटे तास जोडून मागा. ३५ मिनिटांचे दोन वेगळे तास आणि ७० मिनिटांचा एक जोड तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सुट्या तासात मांडणी, बसणं, आवरणं यातच १५ मिनिटं जातात. जोड तास मिळत नसेल तर शनिवारची सकाळ मागा. शनिवारी शेवटच्या तासांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं.

तपासा: मंगळवारी तिसरा तास आणि शुक्रवारी सातवा, असं वेळापत्रक हाती आलं आहे का? मग एकच चित्र या दोन तासांत विभागून छटेपर्यंत (उजेड-सावली भरण्यापर्यंत) नेऊ नका. सकाळी उजेड पूर्वेच्या खिडकीतून येतो, दुपारी पश्चिमेच्या. मूल प्रामाणिक असेल तर त्याच्या गडव्याला दोन्हीकडून सावल्या पडतात, आणि मग आपण त्यालाच रागावतो.

## २. वस्तू जमवणं

"उद्या घरून एकेक भांडं आणा" असं मुलांना सांगू नका. मी एकदा सांगितलं होतं. एका मुलीने आजीच्या लग्नातला गडवा आणला, बाकाच्या गर्दीत तो पडला आणि पोचा आला. पोचा काढून, कल्हई करून तो परत देईपर्यंत मला त्या घरासमोरून जायची लाज वाटत होती. तेव्हापासून वस्तू शाळेच्या, कुलपातल्या.

एकदाच इतवारीच्या बाजारात चक्कर मारा. मोडीत निघालेली भांडी वजनावर मिळतात, आणि पोचे असलेली तर चित्राला अधिक बरी. एकत्र मांडायच्या वस्तूंचे तीन संच होतील एवढंच, या तीन प्रकारांतून घ्या:

- गोल, उंच वस्तू: गडवा, तांब्या, किटली, लहान सुरई
- कोन असलेल्या वस्तू: चौकोनी डबा, वीट, जाड पुस्तक, लाकडी खोका
- लहान, गोलसर वस्तू: लिंबू, कांदा, भरताचं वांगं, पेरू

नागपूर म्हटलं की संत्रं ठेवावंसं वाटतंच. पण जुलैत चांगलं संत्रं मिळत नाही. आंबिया बहराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुललेली, फळं बाजारात यायला दिवाळीचा सुमार होतो. प्लॅस्टिकचं संत्रं आणू नका. त्याच्यावर उजेड चकचकीत ठिपक्यासारखा पडतो आणि मुलांना तीच सवय लागते. खऱ्या संत्र्याची साल बारीक खळग्यांची असते, उजेड तिथे पसरतो. जुलै-ऑगस्टात लिंबू आणि कांदा पुरेसे आहेत. कांद्याला तर देठापासून बुडापर्यंत जाणाऱ्या रेषा असतात आणि गोलाई कशी वळते हे त्या आपसूक सांगतात. सुरुवातीच्या वस्तूंत कांद्याइतका चांगला मास्तर मला दुसरा माहीत नाही.

तान्ह्या पोळ्यानंतर (लहान मुलांच्या पोळ्यानंतर) मुलांच्या घरी लाकडी नंदीबैल असतात. त्याचा मोह टाळा. चार पाय, शिंगं, वशिंड, चाकं, एवढा गुंता सातव्या-आठव्या तासालाही पेलत नाही. नंदीबैल स्मरणचित्रासाठी ठेवा, तिथे तो सोनं आहे.

सावधान: नक्षीचं भांडं नको. मूल नक्षीत हरवतं आणि आकार तिरका राहतो. स्टीलचं भांडंही पहिल्या महिन्यात नको. त्यात खिडकी, पंखा आणि सरांचा शर्ट सगळंच दिसतं.

## ३. मांडणी: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली चूक उंचीची. हिशेब करून बघा. बाकावर बसलेल्या सातवी-आठवीच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० सेंटीमीटरवर असतात. सरांचं टेबल ७५ सेंटीमीटरचं, त्याखाली १५ सेंटीमीटरचा ओटा, वर २२ सेंटीमीटरचा गडवा. बेरीज ११२. म्हणजे गडव्याचं तोंड बरोबर मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत आलं. त्या उंचीवर गोल तोंड गोल दिसतच नाही, आडवी सरळ रेघ दिसते. आणि आपण फळ्यावर काय काढतो? उघडं, अंड्यासारखं तोंड. मुलाला दिसतंय एक, सर सांगताहेत दुसरं. हुशार मूल सरांचं ऐकतं. वस्तूकडे बघणं त्या दिवशीच सुटतं.

म्हणून संच खाली आणा. ४५ सेंटीमीटरचा स्टूल घ्या, त्यावर गडवा ठेवला की तोंड ६७ सेंटीमीटरवर येतं. मूल १७० सेंटीमीटर दूर बसलं तर त्याला तोंडाचं लंबवर्तुळ रुंदीच्या पाव उंचीचं दिसेल आणि बुडाचं तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. हे आकडे मुलांना सांगू नका. तुमच्या स्वतःच्या तपासणीसाठी आहेत.

व्हरांडा मोकळा असेल आणि पावसाची झड येत नसेल तर मुलांना सतरंजीवर बसवा. तेव्हा डोळे ७० सेंटीमीटरवर येतात, मग स्टूल चालणार नाही. संच जमिनीवर पाट ठेवून त्यावर मांडा. परीक्षा बाकावर होते, त्यामुळे सगळे तास व्हरांड्यात घेऊ नका. पण उजेडासाठी जुन्या शाळांच्या लांब व्हरांड्यासारखी जागा नाही.

दुसरी चूक उजेडाची. छतावरच्या चार ट्यूबलाइट चालू असतील तर वस्तूला सावलीच राहत नाही, चहूबाजूंनी फिकट उजेड पडतो आणि गडवा चपटा दिसतो. ट्यूबलाइट बंद करा. एका बाजूच्या खिडक्या उघड्या, दुसऱ्या बाजूच्या बंद. मुलं "सर, अंधार आहे" म्हणतील. दोन मिनिटांत डोळे सरावतात. खरं सांगायचं तर माझे चांगले तास वीज गेलेल्या दिवशी झाले आहेत. अट एवढीच की कागदावर काय काढतो आहोत ते मुलाला दिसलं पाहिजे. पावसाळी दुपारी फारच काळोख असेल तर मुलांच्या मागची एकच ट्यूब चालू ठेवा.

तिसरी चूक संख्येची. ६० मुलांना एकाच संचासमोर बसवता येत नाही, आणि ६० जणांना एकाच दिवशी वस्तुचित्र देऊही नका. वर्गाचे दोन भाग करा. ३० जण तीन संचांभोवती, प्रत्येकी दहा. उरलेले ३० अक्षरलेखन किंवा स्मरणचित्र करतील. पुढच्या तासाला अदलाबदल. यात गोंधळ होतो हे कबूल, पण मागच्या बाकावरून लिंबाएवढं लिंबू वाटाण्याएवढं बघणाऱ्या मुलाला त्या तासाचा उपयोगही नसतो.

संच मांडताना:

- वस्तू एका ओळीत उभ्या करू नका. पुढची वस्तू मागच्या वस्तूचा थोडा भाग झाकेल अशी ठेवा.
- दोन वस्तूंच्या कडा नुसत्या टेकलेल्या नकोत. एक तर झाकू द्या, नाहीतर सरळ फट ठेवा.
- मागे साधं कापड लावा. पितळेमागे गडद, कांद्या-लिंबामागे मध्यम. फुलांची चादर नको.
- संच मांडून झाला की मुलांच्या जागांवर बसून बघा. दहाही जागांवर. उभ्याने बघून काही कळत नाही.

तपासा: जवळच्या मुलापासून संचापर्यंत किमान दीड मीटर आहे का? त्याहून जवळ बसलं की वर-खाली मान हलवावी लागते आणि वरचा भाग वेगळ्या कोनातून, बूड वेगळ्या कोनातून काढलं जातं.

चित्र पुढच्या तासाला पुरं करायचं असेल तर कापडावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूची रेघ मारून ठेवा, स्टुलाच्या पायांच्या खुणा फरशीवर करा आणि मुलांच्या जागांवरून मोबाइलवर फोटो काढा. फोटो मुलांना चित्र काढायला देऊ नका. ते तुमच्या मांडणीसाठी आणि पुढे तपासणीसाठी आहेत.

## ४. बसणं आणि कागद धरणं

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे आणि सगळे गाळतात.

कागद बाकावर सपाट ठेवून मूल वाकून काढतं तेव्हा कागदाचा वरचा भाग त्याला लांब आणि आखूड दिसतो. ते नकळत भरून काढायला वरचा भाग ताणतं. म्हणून बऱ्याच मुलांचे गडवे मानेत लांब झालेले असतात. परीक्षेचं पॅड मांडीवर आणि बाकाच्या कडेवर टेकवून तिरकं धरायला शिकवा, म्हणजे नजर कागदावर काटकोनात पडेल. पॅडवरून नजर उचलली की वस्तू दिसली पाहिजे. मान वळवावी लागत असेल तर मूल वाकडं बसलं आहे.

कागदाच्या मागे, चित्र सुरू होण्याआधी, प्रत्येकाने तीन गोष्टी लिहायच्या: संच क्रमांक, आपली जागा, उजेड कोणत्या बाजूने येतो. याचा उपयोग शेवटच्या टप्प्यात सांगतो.

साहित्य मोजकं ठेवा. एचबी, २बी आणि ४बी अशा तीन पेन्सिली, पाव शीट कार्ट्रिज पेपर (चित्रकलेचा जाड कागद), एक खोडरबर. पट्टी दप्तरात. पट्टी बाहेर राहिली की मुलं गडव्याचं पोटसुद्धा पट्टीने काढतात, मी बघितलं आहे.

## ५. पहिली दहा मिनिटं पेन्सिल खाली

यात फक्त बघायचं. बांगडी घ्या, काचेची नाही, प्लॅस्टिकची किंवा धातूची. ती आडवी धरून गुडघ्यापासून हळूहळू डोक्याच्या वर न्या. मुलांना विचारत राहा: आता गोल दिसतं की अंडं? आता? डोळ्यांच्या रेषेत आली की बांगडीची काडी होते, त्यावर गेली की पुन्हा उघडते. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त फुगीर का, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग प्रत्येकाला आपल्या जागेवरून तीन प्रश्नांची उत्तरं शेजाऱ्याला सांगायला लावा. सगळ्यात उंच वस्तू कोणती? कोणती वस्तू कोणाला झाकते? सगळ्यात काळी जागा कुठे आहे? शेजाऱ्यांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि तेच हवं आहे. "सर, हा खोटं बोलून राहिला, लिंबू दिसतंच ना" असं भांडण झालं की समजा तास लागला.

सावधान: फळ्यावर काही दाखवायचंच असेल तर समोर नसलेली वस्तू काढा. संचात गडवा असेल तर फळ्यावर बादली. पद्धत कळते, नक्कल करता येत नाही. आणि दाखवून झालं की लगेच पुसा.

## ६. जागा आणि मापं

जुन्या लग्नपत्रिका शाळेत गोळा करा. त्यात ६ बाय ८ सेंटीमीटरची खिडकी कापली की चौकट तयार, पाव शीटच्या प्रमाणाशी ती जवळपास जुळते. मूल एक डोळा मिटून त्यातून बघतं आणि संच किती मोठा, कागदावर कुठे, हे ठरवतं. आडवा कागद की उभा हेही तिथेच ठरतं. चित्र कागदाचा साधारण दोन तृतीयांश भाग व्यापेल एवढं मोठं हवं. नवखं मूल कोपऱ्यात पेढ्याएवढं काढतं, मग उरलेल्या जागेत फुलं घालतं.

आता मापं. पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताठ, कोपर वाकायचं नाही, एक डोळा बंद. पेन्सिलीचं टोक गडव्याच्या वरच्या कडेला, अंगठा बुडाशी. तेच माप आडवं धरून गडव्याच्या पोटाशी जुळवायचं. उंचीत रुंदी किती वेळा बसते? सव्वा वेळा, दीड वेळा, एवढंच हवं आहे. सेंटीमीटर नको. कोपर वाकलं की प्रत्येक वेळी माप बदलतं, म्हणून सुरुवातीला फिरत राहा आणि कोपरांवर नजर ठेवा. मापच थेट कागदावर ठेवून तेवढाच गडवा काढणारेही निघतील. त्यांना सांगा की आपण प्रमाण घेतोय, कापड मोजत नाही.

या टप्प्याला कागदावर काय दिसलं पाहिजे? प्रत्येक वस्तूसाठी हलक्या हाताची एक चौकट, गोल वस्तूंना मधून एक उभी मध्यरेषा, आणि स्टुलाची मागची कड. बस. खोडरबर अजून बंद. चुकलेली रेघ राहू द्या, तिच्याशेजारी बरोबर रेघ काढा. आधी खोडलं की मूल तीच चूक तिथेच पुन्हा काढतं, कारण तुलना करायला काही उरत नाही.

इथे थांबा: चौकटी तपासल्याशिवाय कुणालाही पुढे जाऊ देऊ नका. प्रत्येकाजवळ १५ सेकंद. दोन वस्तूंमधलं प्रमाण आणि कुणाचं बूड किती खाली, एवढं बघा. जवळच्या वस्तूचं बूड कागदावर खाली येतं. सगळी बुडं एका रेघेवर असतील तर त्या मुलाने अजून समोर बघितलेलंच नाही.

## ७. रेषा

लंबवर्तुळ एका झटक्यात, मनगट नव्हे तर खांद्यापासून हात फिरवून काढायला शिकवा. कागदाला टेकायच्या आधी हवेत दोन फेऱ्या. टोकाला कोन झाला की ते पान होतं, भांडं नाही. लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना बारीक का होईना गोलाई असते. आणि मागची, न दिसणारी कडही हलकी काढायची, म्हणजे आकार पूर्ण बसतो. नंतर ती खोडा.

बुडाची चूक सगळ्यात जास्त. तोंड वळणदार काढतील आणि बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ, कारण "भांडं टेबलावर सपाट बसतं." बरोबर आहे, बसतं सपाट, पण दिसतं वळणदार. इथे पुन्हा बांगडी काढा.

गडव्याच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या का हे बघायला कागद उलटा धरा. डोळा उलट्या चित्रात वाकडेपणा लगेच पकडतो. इंटरमिजिएटच्या मुलांनाही हे रोज करायला लावा.

३५ मिनिटांचा सुटा तास असेल तर इथेच थांबा. घाईने छटा उरकण्यापेक्षा सहा चांगली रेखाचित्रं जास्त उपयोगाची.

## ८. छटा

डोळे बारीक करून बघा, एवढी एकच सूचना. डोळे बारीक केले की तपशील पुसतात आणि उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात. मुलाने आधी कागदाच्या कडेला पाच लहान चौकोन काढावेत: कोऱ्यापासून ४बीच्या पूर्ण काळ्यापर्यंत. मग समोरच्या वस्तूत प्रत्येक चौकोन कुठे आहे ते शोधायचं.

क्रम असा: सगळ्यात गडद जागा आधी, बहुतेक वेळा वस्तूच्या बुडाला लागून पडछायेत असते. मग मध्यम. सगळ्यात उजळ जागेला हात लावायचाच नाही, कोरा कागद तिथे उजेडाचं काम करतो. बुडापासून दूर जाता जाता पडछाया फिकट होते आणि तिची कड विरते. मुलं मात्र ती आकाशकंदिलासारखी कापून चिकटवतात.

पितळेत आणि कांद्यात फरक दिसला पाहिजे. पितळेवर उजळ आणि काळी जागा एकमेकांना लागून, मधली छटा जवळजवळ नसते. कांद्यावर एक छटा दुसरीत हळूच मिसळते. हा फरक वस्तूजवळ नेऊन दाखवा.

सावधान: बोटाने घासून छटा गुळगुळीत करणं बंद करा. वस्तू धुरकट दिसते आणि हाताच्या घामाचे डाग पडतात. बाहेरची जाड काळी किनारही बंद. गडव्याला किनार नसते, त्याची कड मागच्या कापडाच्या छटेमुळे दिसते. अंधाऱ्या बाजूला अगदी कडेशी बारीकसा उजेड दिसतो, तो कापडावरून आलेला असतो. तो ज्या मुलाने स्वतः शोधला त्याचं वर्गात नाव घ्या.

## ९. रंग

रंगावर मी कमीच वेळ घालवतो. रेषा आणि छटा बसल्या असतील तर रंग दोन तासांत येतो, नसतील तर सहा तासांतही येत नाही.

जलरंगात फिकटाकडून गडदाकडे. ऑगस्टमध्ये हवा ओली असते, पहिला थर वाळायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि मुलं ओल्यावरच दुसरा लावून चिखल करतात. एका संचाचे दोन कागद लावून द्या, एक वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम. पंख्याखाली घाई करू नका, कागद एका बाजूने आकसतो. काळा रंग पेटीतून काढून घ्या. पितळेची सावली काळ्याने नाही, तपकिरीत थोडा निळा मिसळून करायची. पोस्टर कलर वापरत असाल तर पातळ करून वापरा, जाड थर वाळला की तडकतो.

## १०. चूक दाखवणं आणि तपासणं

मुलाच्या कागदावर तुमची पेन्सिल लावू नका. एकदा सरांनी "सुधारून" दिलं की ते चित्र सरांचं झालं. पुढच्या वेळी मूल अर्धं काढून वाट बघत बसतं. चूक दाखवायची तर आधी त्याच्या जागेवर बसा. तो उठेल, तुम्ही बसा, डोळे त्याच्या उंचीवर आणा. निम्म्या वेळा लक्षात येतं की मुलाचंच बरोबर होतं. तुम्ही उभ्याने वेगळं बघत होतात. उरलेल्या निम्म्या वेळी प्रश्न विचारा: "तोंड पोटाच्या किती?" तो पेन्सिल धरून मोजेल आणि स्वतःच म्हणेल, "बारीक आहे सर." फारच अडलं तर वेगळ्या चिठोऱ्यावर दोन रेघा काढून दाखवा आणि चिठोरा खिशात घाला.

घरी तपासायला बसलात की कागदाच्या मागचा जागेचा क्रमांक आणि मोबाइलमधला त्या जागेचा फोटो शेजारी ठेवा. त्याशिवाय खिडकीकडच्या मुलाने लिंबू का काढलं नाही हे कळणारच नाही. त्याला ते दिसतच नव्हतं. माझी गुणांची वाटणी अशी असते: जागा आणि प्रमाणाला निम्मे गुण, लंबवर्तुळ आणि रेषेला पाव, छटा-रंगाला पाव. स्वच्छतेला वेगळे गुण देत नाही. दिले की मुलं चुकायला घाबरतात आणि खोडरबर पुन्हा बाहेर येतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जुलैतला पहिला संच खडूच्या खुणांवर तसाच मांडा आणि मुलांना त्याच जागांवर बसवा. वेळ परीक्षेइतका, सूचना एकही नाही, तुम्ही मागच्या बाकावर. संपल्यावर दोन्ही कागद ज्याचे त्याच्या हातात द्या. त्या दिवशी तुम्हाला फार बोलावं लागत नाही; मुलं एकमेकांचे जुलैतले गडवे बघून हसत असतात.